दादाच्या खोलीतला वास

नदीकाठच्या एका गावात तबला शिकवणारे एक वृद्ध बुवा होते. पूर ओसरल्यावर ते एकदा आपल्या एका शिष्याच्या घरी दुखवट्याला गेले. शिष्याचे नाव सुदेश. त्याचा थोरला भाऊ शेजाऱ्यांना पाण्यातून काढताना वाहून गेला होता.

पाणी उतरले तशी गल्लीने गाद्या, कपाटे, देवांचे फोटोसुद्धा उन्हात टाकले. सुदेशने मात्र दादाची खोली बंद केली. खिडकीच्या फटींत त्याने कापडाच्या चिंध्या कोंबल्या आणि एसी रात्रंदिवस चालू ठेवला. खुंटीवरच्या सदऱ्याला दादाचा वास होता, आणि तो बाहेर जाऊ नये एवढेच त्याला हवे होते. दादाची लहानगी लेक रेवा तिथेच निजायची. "बाबांचा वास येतो ना?" असे काका विचारी आणि ती मान डोलावी. मग रात्रभर खोकत राही. औषधे झाली, पण खोकला हटेना. वहिनीने एकदा खिडकी उघडायला हात घातला, तर सुदेश तिच्या अंगावर ओरडला होता.

बुवा खोलीत आले. आत्मा अमर आहे असे काही ते सांगतील म्हणून सुदेश वाट पाहत होता. बुवांनी आधी एसी बंद करवला आणि प्यायला पाणी मागितले. तो पाणी घेऊन परतला तेव्हा रेवा अंगणात होती आणि दादाचा सदरा दोरीवर उन्हात वाळत होता.

सुदेशचा तोल गेला. "तेवढंच राहिलं होतं त्याचं. तुमचं कुणी गेलं नाही बुवा, म्हणून जमतं तुम्हाला."

बुवा रागावले नाहीत. त्यांनी त्याला डोळे मिटायला सांगितले आणि एक कापड त्याच्या नाकापासून हातभर अंतरावर धरले.

"कुणाचा वास?"

"दादाचा," सुदेश म्हणाला.

"उघड डोळे."

समोर बुवांचे पांढरे उपरणे होते. त्याचे टोक काळेकुट्ट झाले होते. सुदेश पाणी आणायला गेला तेवढ्यात बुवांनी त्या उपरण्याने एसीचे तोंड आतून पुसले होते.

बुवा म्हणाले, "पाणी गेलं, ओल मागे राहिली. तू ती कोंडलीस. कोंडलेल्या ओलीला बुरशी येते, आणि हे यंत्र तीच खोलीभर फिरवतं. दादाचा वास केव्हाच विरला, बाळा. तू जपत होतास तो हा. दादा उरलाय तो त्या पोरीत, आणि श्वास तिचाच अडतोय. शोक कर, मी नको म्हणत नाही. पण त्याला खिडकी असू दे."

सुदेशने ते काळे टोक बोटाने चोळून पाहिले. मग उठून त्याने फटींतल्या चिंध्या एकेक करून उपसल्या. रेवाचे अंथरूण त्याने माजघरात वहिनीपाशी नेले. कारागिराकडून एसी उतरवून आतून धुऊन घेतला, आणि भिंत पुरती वाळेपर्यंत परत लावू दिला नाही. रेवाचा खोकला हळूहळू उतरला.

त्या दिवशी संध्याकाळी मात्र त्याने दोरीवरचा सदरा काढून नाकाला लावला होता. त्याला फक्त उन्हाचा वास होता. पुरानंतर प्रथमच तो रडला, वहिनीच्या देखत, अंगणात.

ज्या घरात पाणी शिरले, तिथे आधी ऊन-वारा शिरू द्यावा, गारवा मागाहून.