घाटासाठी डिस्क

जर्मनीत शिकून घाटाखालच्या शाळेत विज्ञान शिकवायला आलेल्या सुनेत्राला वाटलं होतं, इथे शिकवायचं ते आपणच. पण पहिला धडा तिलाच मिळाला.

घाट उतरताना ब्रेक दाबला की तिची मोटरसायकल घसरायची. ती गाडी घेऊन शोरूममध्ये गेली. तिथले मालक रुबाबात म्हणाले, "मॅडम, ब्रेकची ही मोठी डिस्क बसवा, गाडी जागच्या जागी थांबेल! या गॅरेजवाल्याला काय कळतंय?"

तिच्यासोबत आलेल्या गॅरेजवाल्या दस्तगीर मिस्त्रींनी गाडी स्टँडवर घेतली, मागचं चाक गरगर फिरवलं आणि ब्रेक दाबला. चाक तिथंच थांबलं.

"शेठ, जुन्या डिस्कनंच थांबलं की! आता सांगा, रस्त्याला काय टेकतं, डिस्क का टायर?"

मालकांनी खाली पाहिलं. टायर पार गुळगुळीत झाला होता.

"मिस्त्री, जीव वाचवलात माझा," सुनेत्रा म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी नवा टायर घालून घाट उतरताना तिने ठरवलं, घर्षणाचा तास मिस्त्रीच घेतील आणि आपण मुलांमध्ये बसायचं.