उशीतलं बी

शनिवारचा दिवस. सूर्य कासराभर वर आलेला. वेशीबाहेरच्या मारुतीपाशी राजाची बारा माणसं कुदळी घेऊन आली. इथून सुरू होते बरं का आपली गोष्ट.

तिथं गोजराई एकटीच राहायची. दर शनिवारी मारुतीला रुईच्या पानांची माळ करायची. पण पान खुडायच्या आधी उलटून बघायची. मागे फुलपाखराचं इवलंसं अंडं दिसलं, की म्हणायची, "राहा गं बाई, घर तुझंच." नवरा गेलेला, लेकी दूर. तिच्या दारी यायची ती केशरी फुलपाखरंच.

"अरे, रुई का उपटता?"

"राजाची बाग होणार, म्हातारे. हे रान कशाला हवं?"

वेशीपासून नदीपर्यंतची रुई गेली. मग बाग झाली. परमुलखातली फुलं आली. फुलपाखरं मध प्यायली खरी, पण अंडी घालणार कुठं? अळ्यांना लागतं रुईचंच पान. पहिल्या वर्षी चार दिसली. दुसऱ्या वर्षी दोन. तिसऱ्या वर्षी कुणीच नाही. मारुतीला माळ नाही, गोजराईशी बोलायला कुणी नाही. दार मात्र ती उघडंच ठेवायची.

मग एका दुपारी फाटक्या पंखांचं एक फुलपाखरू तिच्या मनगटावर टेकलं. म्हणालं, "आई, अंडी पोटात आहेत. एक पान दे."

कुठून देणार? मग तिला उशी आठवली. रुईच्याच कापसाची, घाईत बी न वेचता भरलेली! तिनं उशी टराटरा फाडली. एक बी सापडलं. मारुतीच्या पायाशी पेरलं, तीन ओंजळी पाणी घातलं. आणि काय सांगू, रोप बघता बघता कमरेला लागलं!

फुलपाखरानं अंडी घातली. अळ्यांनी पानांची चाळण केली, एकीनं कोषही केला. राजाचा माळी धावत आला. "कीड लागली, उपटा!"

"आधी मला उपट," गोजराई म्हणाली, आणि रोपापुढे उभी राहिली.

गलका ऐकून राजा आला. तेवढ्यात कोष उकलला आणि केशरी फुलपाखरू थेट त्याच्या मुकुटावर बसलं. राजाची मान खाली गेली. "रुई परत लावा," तो म्हणाला. घरोघरच्या उशा फुटल्या. रान फुललं. शनिवारी मारुतीला माळ पडली, आणि गोजराईच्या दारी केशरी गर्दी झाली. सगळे सुखी झाले. उशा नव्हत्या, तरी गाढ झोपले. तुम्हीही मिटा डोळे.

त्या दिवशी राजानं विचारलं होतं, "रुई उपटायचा हुकूम दिला कुणी?" प्रधानानं कोतवालाकडे बघितलं, कोतवालानं माळ्याकडे. माळी म्हणाला, "वरून कागद आला."

कागदावर नाव नव्हतं. ते अजून कुणी सांगितलेलं नाही.