दवंडीतला शब्द

पुष्कळ जुन्या काळी एका डोंगराळ राज्यात गोंदाजी नावाचा दवंडीवाला होता. त्याचा आवाज वेशीपलीकडे जाई.

त्या राज्यात कुणी बाईवर जबरदस्ती केली, तर त्याला फटक्यांची शिक्षा होई. पण कायद्यात त्या गुन्ह्याचं नाव होतं 'अब्रू जाणं'. गोंदाजी डफ वाजवून ओरडे, "अमकीची अब्रू गेली होऽऽ!" पुरुषाचं नाव दवंडीत नसे. ती बाई मग पाणवठ्यावर दिसेनाशी होई. गोंदाजीला वाईट वाटे, पण तो मनाशी म्हणे, 'शब्द राजाचा. आपण फक्त ओरडायचं.'

त्याची विधवा लेक भिवरा राजाच्या कोठारात धान्य निवडायला जाई. एके दिवशी ती भरदुपारी घरी आली आणि भिंतीकडे तोंड करून बसली. जेवली नाही, बोलली नाही. शेवटी कोठारातल्या एका म्हातारीनेच गोंदाजीला सांगितलं, की कोठाराचा कारभार पाहणाऱ्या कोठावळ्याने भिवराला आत कोंडून तिच्यावर जबरदस्ती केली.

गोंदाजी उठला. "चल पोरी, दरबारात चल. त्याला सोडायचा नाही."

भिवराने पहिल्यांदाच वर पाहिलं. "आणि मग दवंडी कोण देणार, आबा?"

गोंदाजी तसाच खाली बसला. भिवरा दूर मावशीच्या गावी निघून गेली.

मग तो एकटाच राजापुढे उभा राहिला. "महाराज, चोरी झाली तर मी चोराचं नाव पुकारतो. इथे मात्र जिच्यावर गुजरलं तिचं! माझ्या लेकीची अब्रू जागच्या जागी आहे. गेली असेल तर कोठावळ्याची."

 राजाने म्हातारीची साक्ष घेतली, कोठावळ्याला हद्दपार केलं आणि कायद्यातला शब्द बदलला. आता दवंडी अशी होई, "अमक्याने अत्याचार केला होऽऽ!" बाईचं नाव कुणी घेत नसे. हळूहळू बाया दरबाराची पायरी चढू लागल्या.

गोंदाजी लेकीला आणायला गेला. "पोरी, शब्द बदलला. घरी चल."

भिवराने त्याला पाणी दिलं, जेवू घातलं. मग हलकेच म्हणाली, "बरं केलंत, आबा. पण तुमचा आवाज ऐकला की मला अजून ती जुनीच दवंडी ऐकू येते. मी नाही येत."

गोंदाजी एकटाच परतला.

मुलांनो आणि मोठ्यांनो, गुन्ह्याला असं नाव द्यावं, की मान गुन्हेगाराची खाली जावी, सोसणाऱ्याची नव्हे.