साहेबांची केसाळ टोपी

लोकरीसकट मेंढ्यांची कातडी कमावणाऱ्या एका कारखान्यात विंचरायचं नवं यंत्र आलं आणि पहिल्याच दिवशी ते लोकरीचे झुपके उपटायला लागलं. गजराबाई हुलग्यांनी तीस वर्षं हाताने कातडी विंचरलेली. त्यांनी यंत्र थांबवून दात्यांवर एकदा बोट फिरवलं आणि म्हणाल्या, "टोकं सुईसारखी आहेत. कानशीने घासून गोल करा."

यंत्र बनवणारे प्रभुदेसाई साहेब उसळलेच. "माझ्या यंत्रात खोट? तुमची कातडीच कुजकी! चांगल्या कातडीचा एक केस तुटायचा नाही. मालक, आधी या बाईंना घरी पाठवा!"

मालक पेचात पडले. गजराबाईंच्या डोळ्यांत मात्र साहेबांची टोपी भरली होती. मनालीहून आणलेली, मऊ केसांच्या कातडीची ती टोपी साहेब भर उकाड्यात मिरवत होते आणि भेटेल त्याला कुरवाळून बघायला सांगत होते.

"साहेब, ही कातडी तरी चांगली ना?"

"चांगली? अस्सल आहे, अस्सल!"

"मग आणा इकडं. धूळ बसलीय, विंचरून देते." बाईंनी यंत्र सुरू केलं आणि हात पुढे केला.

यंत्र घरघरलं मात्र, साहेबांनी दोन्ही हातांनी टोपी डोक्यावर दाबून धरली. "बंद करा! आधी बंद करा ते!"

गजराबाईंनी शांतपणे बटण दाबलं.

"मालक, कानस मागवा. यंत्राची खोट साहेबांच्या हातांना कळलीय. तोंडाला कळेल तेव्हा कळेल."