राजांची पाटी

सोनकडा गडाच्या जत्रेला श्रीमंत उदयभानराजे आले ते रंगाऱ्याला बरोबर घेऊनच. महादरवाज्याशी शेंदूर फासलेला एक धोंडा होता. तट बांधताना कड्यावरून पडून मेलेल्या वडार बायकांची तेवढीच आठवण उरली होती.

"हा धोंडा हलवा," राजे म्हणाले. "इथे आमची पाटी लागली पाहिजे. हा गड आमच्या पूर्वजांनी बांधला!"

सोबतच्या मंडळींनी भराभर माना डोलावल्या. इतिहास त्यांना ठाऊक नव्हता, पण दुपारचं जेवण राजांकडे होतं.

गावच्या सरपंच गोदाक्का स्वतः वडारांच्या. त्यांनी हात जोडले. "अगोबाई, म्हणजे तुम्ही आमच्यातलेच की! सरकार, आधी नाही का सांगायचं?"

मग त्यांनी दगडांनी भरलेली वेताची पाटी आणवली आणि राजांच्या पायांशी ठेवली. "गड बांधणाऱ्याच्या वंशजानं जत्रेला दगडांची पाटी डोक्यावरून तटापर्यंत न्यायची, ही इथली रीत. आम्ही सगळे नेतो. तुम्हाला पाटी हवी होती ना? ही घ्या."

राजे लालबुंद झाले. "आम्ही दगड वाहायचे? आमच्या घराण्यात आजवर कुणी दगडाला हात लावलेला नाही!"

गोदाक्का रंगाऱ्याकडे वळल्या. "ऐकलंत ना दादा? राजांच्या नावासकट अस्संच लिहा पाटीवर. धोंड्याच्या शेजारी जागा आहे."