स्वतःचाच हंडा उधार

येसू रंगारणीला पोतंभर मंजिष्ठा हवी होती आणि चांदपेठेत तिला कुणी मूठभरही उधार देईना.

आषाढ लागला होता. देशमुखांनी आपल्या सगळ्या शिपायांचे फेटे दसऱ्यासाठी लाल रंगवायला तिच्याकडे टाकले होते. पैसे मात्र फेटे हातात पडल्यावर. लाल रंग मंजिष्ठेशिवाय उतरत नाही, आणि फेटे रंगले नाहीत तर काम दुसऱ्या गावच्या रंगाऱ्याकडे जाणार होतं. मग बापाच्या माघारी तिने कशीबशी पेटती ठेवलेली भट्टी विझलीच म्हणायची.

चांदपेठेत उधारी मिळायची ती पितळी बिल्ल्यावर. ज्याच्याकडे बिल्ला त्याला कुठलाही दुकानदार माल देई, नसेल त्याला रस्ता दाखवी. बिल्ला द्यायचा नगरशेटानं. नगरशेटाचं नाव भिकाशेट. अर्धी पेठ त्याच्या मालकीची होती आणि उरलेली अर्धी त्याला भिऊन होती.

"बिल्ला पाहिजे?" भिकाशेटानं गादीवरून विचारलं. "आजवर कुणाकुणाची उधारी फेडलीस?"

येसूनं मान ताठ केली. "कुणाचीच नाही, शेटजी. आमच्या घरात कधी दमडीची उधारी झाली नाही. बाप मरेपर्यंत रोखीनं जगला."

हे वाक्य तिचा बाप प्रत्येक लग्नाच्या पंगतीत ऐकवायचा आणि लोक माना डोलवायचे. भिकाशेटाचा चेहरा मात्र तिनं चोरी कबूल केल्यासारखा झाला.

"अरेरे. म्हणजे तुला पतच नाही. तो गणपा कासार बघ. तीनदा बुडता बुडता वाचला, पण फेडलं. त्याच्याकडे बिल्ला आहे. तो कसा फेडतो ते मला माहीत आहे. तू कशी फेडतेस ते तुझ्या देवालाही माहीत नाही."

"मग मी उधार घेऊन फेडून दाखवते."

"दाखव की."

"पण मला उधार देईल कोण?"

"बिल्ला असला की कुणीही देईल."

शेजारी बसलेल्या दिवाणजींनी मान डोलावली. या बोलण्यात काही चुकलं आहे असं पेढीवर कुणालाच वाटलं नाही.

"असं कर," भिकाशेट म्हणाला, "एक साक्षीदार आण. या पेठेतलाच. त्यानं तुला उधार दिलं आणि तू वेळेवर परत केलंस, एवढं त्यानं माझ्यासमोर सांगायचं. बिल्ला तुझा." असा माणूस पेठेत सापडणार नाही हे त्याला पक्कं ठाऊक होतं, म्हणून तो उदार झाला होता.

दुसऱ्या दिवशी येसू आपला तांब्याचा हंडा डोक्यावर घेऊन पेढीवर आली. "ठेव म्हणून ठेवायचाय," ती म्हणाली.

ठेव नाकारायची नाही, अशी नगरशेटाची जुनी रीत. मालकानं ठेव मोडेपर्यंत वस्तू शेटच्या हवाली. लोकांनी ठेवलेले दागिने भिकाशेटाच्या सुना लग्नांतून मिरवत आणि त्याला कुणी हरकत घेत नसे. हंडा कोठीत गेला.

बाजाराच्या दिवशी सकाळी येसू पुन्हा हजर. "शेटजी, एक हंडा उधार हवा होता. दिवेलागणीच्या आत परत आणते."

"कुठला हंडा?"

"तो कोठीतल्या कोपऱ्यातला."

"अगं, तो तुझाच आहे!"

"ठेव मोडायची नाही मला. उधार हवाय."

बाप गेल्यापासून पोरीच्या डोक्यावर परिणाम झाला असावा, असं भिकाशेटाला वाटलं. त्याला वाईटही वाटलं. पण धंदा तो धंदा. "उधार म्हटलं की भाडं आलं. एक रंगवलेला रुमाल घेईन."

"घ्या की," येसू म्हणाली.

मग दर बाजाराला हेच. सकाळी हंडा न्यायचा, हळदीच्या पाण्यात लोकांचं किरकोळ कापड रंगवायचं, अंधार पडायच्या आत हंडा घासून परत करायचा आणि वर एक पिवळा रुमाल द्यायचा. श्रावणात एकदा ढगांमुळे वेळेचा अंदाज चुकला. कापड अर्धवट रंगलेलं, दिवेलागण जवळ आलेली. येसूनं सगळा रंग गटारात ओतला आणि हंडा घेऊन धावली. कापडवाली बाई तिला नाही नाही ते बोलली. घरी येऊन येसू भट्टीपाशी बसून पोटभर रडली.

"उद्या आणला असतास तरी चाललं असतं," भिकाशेट म्हणाला होता. "तुझाच तर हंडा."

"उधारीचा होता, शेटजी."

भाद्रपद अर्धा सरला. पेढीवर तराजू पुसायला पिवळा रुमाल, दिवाणजींच्या खांद्यावर पिवळा रुमाल, शेटजींच्या घोड्याच्या गळ्यातसुद्धा पिवळा रुमाल होता. त्या दिवशी हंडा खाली ठेवून येसू म्हणाली, "शेटजी, साक्षीदार आणलाय."

भिकाशेटानं दाराकडे पाहिलं. "कुठे आहे?"

"गादीवर बसलाय."

गादीवर एकटा भिकाशेटच होता.

"तुम्ही मला हंडा उधार दिलात," येसू म्हणाली. "एकदा तरी उशिरा आला का? एकदा तरी घासलेला नव्हता का?"

"छे छे!" भिकाशेट सावरून बसला. "वेळेवर आला, कबूल. पण हंडा तुझाच. आपलंच आपण नेलं तर त्याला उधारी म्हणत नाहीत."

दिवाणजींनी मान डोलावली.

"बरं," येसूनं पदर सारखा केला. "उधारी नव्हती म्हणता, तर नव्हती. मग माझे रुमाल तेवढे परत द्या."

भिकाशेटानं दिवाणजींकडे पाहिलं. दिवाणजींनी खांद्यावरचा रुमाल हळूच काढून घडी घातली. त्यांची मान या वेळी हलली नाही.

आधी भिकाशेटाच्या मिशा हलल्या, मग पोट हललं, आणि मग तो असा हसत सुटला की समोरचे दुकानदार बाहेर येऊन पाहू लागले.

"दिवाणजी," तो डोळे पुसत म्हणाला, "उधारी होती! साक्षीदार मी. हिला बिल्ला द्या, आपल्या वखारीतून हवी तेवढी मंजिष्ठा द्या. आणि दसऱ्याला आपल्या घरचे सगळे फेटेही हिच्याकडेच टाका. रंग कुठलाही चालेल, फक्त पिवळा नको."