नैवेद्याचा पडदा

"पण माझी पूजा देवाला पोचते का, महाराज?"

विश्वंभरानं विचारलं खरं, पण उत्तर त्यानं मनाशी धरूनच ठेवलं होतं. डोंगरावरच्या त्या दत्तमठात त्याच्यासारखा पुजारी झाला नव्हता. मंत्रात चूक नाही, आरतीला उशीर नाही. सोवळ्याचा धाक तर असा की मठातली मांजरंही त्याला वाट देत. मठाचे महंत भैरवगिरी आता थकले होते. त्यांच्या तोंडून 'पोचते' एवढं आलं, की मठाची गादी त्याचीच होती.

भैरवगिरींनी गाभाऱ्याकडे पाहिलं.

"नैवेद्य दाखवताना पडदा ओढतोस ना?"

"रोज ओढतो."

"कशाला?"

"देव जेवताना माणसानं बघू नये, महाराज."

"आज तू आत बस. पडदा मी ओढतो."

विश्वंभर चरकला. हे शास्त्रात कुठं बसतं? पण गुरूंची आज्ञा मोडवेना. तो मूर्तीच्या पायाशी, नैवेद्याच्या ताटापुढं बसला. पडदा सरकला आणि भर दुपारी गाभाऱ्यात काळोख झाला.

बाहेर घंटा वाजली.

मग कुणीतरी मंत्र म्हणू लागलं. खणखणीत, एकही अक्षर न चुकवता.

विश्वंभरानं कान टवकारले. आवाज त्याचा स्वतःचाच होता.

त्यानं स्वतःच्या तोंडावर हात दाबला. ओठ मिटलेले होते... बाहेर मंत्र चालूच होता. पळीनं पाणी सोडल्याचा आवाज आला. रेशमी सोवळं सळसळलं. पडद्याच्या अगदी जवळ.

त्याला एकही मंत्र आठवेना. अंधारात चाचपडताना हात भातात गेला, सोवळं खरकटं झालं, त्याचंही भान राहिलं नाही. त्यानं मूर्तीचे पाय घट्ट धरले आणि "देवा... देवा..." एवढंच म्हणत राहिला. भीतीनं तो रडत होता.

पडदा सरकला.

समोर भैरवगिरी एकटेच उभे होते. उंबऱ्यापाशी फरशी ओली होती.

"इथं कोण होतं, महाराज?"

"तो मंत्र म्हणणारा होय..." भैरवगिरी ओल्या फरशीकडे बघत म्हणाले. "तो रोजच येतो. तू मात्र आज पहिल्यांदा आलास."